कोयता, व्हिसा आणि गर्भपिशवी

मंडळी, या शनिवारचा विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवते. चहा घेऊन बसा.

आमच्या ऑफिसात 'स्थलांतर' हा शब्द कुणी वापरत नाही. आम्ही 'ऑनसाइट'ला जातो. आमचा व्हिसा लागतो किंवा लागत नाही. नवरा एच-वनवर गेला की बायको एच-फोरवर जाते, आणि २०१५ पर्यंत अशा बायकोला तिथं नोकरी करायची परवानगीच नव्हती. इंजिनियर असो नाहीतर डॉक्टर, घरी बसायचं. (२०१५ नंतरही ती ठराविक जणींनाच मिळाली.) हे सगळं 'पेपरवर्क' या सदरात जायचं, राजकारण या सदरात नाही.

मग २० जानेवारी २०२५ उजाडली. डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका आदेशावर सही केली. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल, तर तीस दिवसांनंतर तिथं जन्मणाऱ्या बाळाला जन्मानं नागरिकत्व मिळणार नाही, असा तो आदेश. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली ही गोष्ट वेगळी. पण त्या आठवड्यांत तिथल्या काही भारतीय जोडप्यांनी 'मुदतीच्या आत सिझेरियन करून मिळेल का' अशी डॉक्टरांकडे चौकशी केल्याच्या बातम्या आल्या. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी क्रिकेट बंद आणि हाच विषय. व्हिसाचा कागद बाईच्या पोटापर्यंत पोचतो, हे पाहून लोक हादरले होते.

मी मात्र ते ऐकताना आमच्या ओतूरच्या रस्त्याचा विचार करत होते. बाई कामासाठी कुठून कुठं हलते आणि तिच्या पोटाचा निर्णय कोण घेतं, या दोन गोष्टींचा हिशोब फार जुन्या काळापासून एकाच वहीत लिहिला जातोय. ती वही अमेरिकेत आहे तशी जुन्नर तालुक्यातही आहे. आजचा लेख त्या वहीबद्दल.

माझं गाव ओतूर. माळशेज घाट चढून वर आलात की थोड्या वेळानं लागतं. बाबाजी चैतन्यांची समाधी, कपर्दिकेश्वराचं देऊळ, श्रावणी सोमवारच्या तांदळाच्या पिंडी आणि कांद्याचा बाजार, एवढी ओळख पुरे. गावाला लागून जो महामार्ग जातो तो कल्याणहून येतो, आळेफाट्यावरून नगरला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला) जातो, पुढं पाथर्डी, मग बीड जिल्ह्यातलं माजलगाव, परभणी, नांदेड आणि थेट तेलंगणात. नकाशावर हा एकच रस्ता आहे. एका टोकाला मुंबईची बाजारपेठ, मध्ये आमचा बागायती पट्टा आणि पुढं बालाघाटच्या डोंगरातला कोरडवाहू मुलूख. पाणी एकीकडं आणि कामाला हात दुसरीकडं, असा रस्ता.

आमच्याकडं पाणी आलं ते कुकडी प्रकल्पामुळं. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि आमच्या अगदी उशाशी असलेलं पिंपळगाव जोगे, अशी पाच धरणं. धरणामागून कालवे आले, कालव्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाना आला. ऊस तोडायला मात्र माणसं बाहेरून यावी लागली.

ही व्यवस्था आमच्या तालुक्यात जन्मली नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो आशियातला पहिला समजला जातो. शेतकऱ्यानं मालक व्हावं ही त्यातली कल्पना खरोखर मोठी होती, मी ती कमी लेखत नाही. पण त्या कल्पनेत ऊस लावणारा सभासद होता, ऊस तोडणारा नव्हता. पुढं कारखाने वाढत गेले, १९७२ चा दुष्काळ पडला, आणि मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, दसरा-दिवाळीनंतर टोळ्यांनी बाहेर पडायची रीतच होऊन बसली. आजही दरवर्षी लाखो माणसं पाच-सहा महिन्यांसाठी घर सोडतात.

लहानपणी आमच्या मळ्याशेजारच्या पडीक रानात दिवाळीनंतर कोपी उभ्या राहायच्या. मोठी माणसं एकमेकांना विचारायची, "औंदा किती कोयते आलेत?" मला वाटायचं, कोयते म्हणजे कोयतेच, लोखंडी. नंतर कळलं की 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जोडी, एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको तोडते, साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण हिशोबात दोघं मिळून एक. डेटाबेसवाल्या मंडळींना सांगायचं तर त्या टेबलात बाईचा वेगळा रेकॉर्डच नाही. ती नवऱ्याच्या ओळीतली एक रिकामी रकाना आहे.

आता या कोयत्याचं गणित बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मुकादम हंगामाआधी जोडीला 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. हंगामभर टनाच्या दरानं काम करून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधील. एक दिवस काम बुडालं तर 'खाडा', आणि खाड्याला दंड. २०१९ मध्ये बायकांनी पत्रकारांना सांगितलेला आकडा दिवसाला पाचशे रुपयांचा होता. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर पाचशे अंगावर. बाईची पाळी आली, पोटात कळा आल्या, अंगावरून जास्त जायला लागलं, तरी मुकादमाच्या वहीत तो खाडाच.

आणि राहायचं कुठं? कोपीत. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांब. पहाटे अंधारात उठायचं, दिवसभर ओझं वाहायचं, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. अशा स्थितीत जंतुसंसर्ग झाला नाही तरच नवल. मग अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, ओटीपोट दुखणं. बाई गावी परतल्यावर खाजगी दवाखान्यात जाते. तिथं सोनोग्राफी होते आणि अनेकींना एकच वाक्य ऐकवलं जातं, की पिशवी खराब झालीय, ठेवलीस तर कॅन्सर होईल. दोन-तीन मुलं झालेली असतात, लग्न कोवळ्या वयात झालेलं असतं, त्यामुळं वय असतं पंचवीस-तीस. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल. ती फेडायला पुन्हा हंगाम.

एप्रिल २०१९ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रातून देशभर पोचली. त्याच वर्षी जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. भागाकार करून पाहिला तर जवळजवळ १७ टक्के, म्हणजे सहातली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांमध्ये हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण वादात ती हरवते. या बायकांना कुणी हातपाय बांधून टेबलावर झोपवलं नव्हतं. बहुतेकींनी अंगठा दिला, सही केली. काहींनी तर स्वतःहून मागणी केली, की रोजची कटकट जाऊ दे एकदाची. मुकादमानं 'पिशवी काढ' असं तोंडानं सांगायची गरज नव्हती. खाड्याचा दंडच ते सांगत होता. आणि ऑपरेशननंतर दुखणं थांबलं असंही नाही. कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयंही गेली की हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात. ज्या कंबरेसाठी पिशवी काढली ती कंबर तशीच राहते, आणि मोळी तितकीच जड.

याला 'निवड' म्हणायचं का? सगळा प्रश्न इथंच आहे. आणि तो नवा नाही, म्हणून थोडं मागं जाते.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बाईला दिवस गेले की तिच्यापुढं दोनच वाटा असायच्या, विहीर नाहीतर बाळाचा गळा. फुल्यांनी तिसरी वाट काढली, की इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. अशाच एका बाईचं मूल, यशवंत, त्यांनी स्वतः दत्तक घेतलं. त्यांच्या सत्यशोधक समाजाची मुळं पुढं आमच्या जुन्नर तालुक्यात चांगलीच रुजली. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावण्यावरून ओतूरच्या लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती. लग्न कुणी लावायचं हा हक्क गावानं भांडून मिळवला, हा आमच्या गावचा खरा अभिमानाचा इतिहास. लग्नानंतर बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, हा प्रश्न मात्र राहिला.

तो विचारला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. सुरतकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, ती नंतर कमी झाली. वर्तमानपत्रं बायकांच्या नावानं बोटं मोडत होती. १८८२ मध्ये ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. दोघांच्या कर्माची शिक्षा एकटीला का, असा त्यांचा साधा हिशोब होता.

मग र. धों. कर्वे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले. त्यातल्या एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. तो पी. जे. रोहम यांनी मांडला आणि ५२ विरुद्ध ११ मतांनी पडला. आणि हेच बाबासाहेब दहा वर्षांपूर्वी त्याच मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भरपगारी रजेसाठी उभे राहिले होते. मुंबई प्रांताचा तो कायदा १९२९ चा.

या दोन गोष्टी एकत्र ठेवा, म्हणजे त्यातली दृष्टी दिसते. मूल नको असेल तर ते टाळता आलं पाहिजे, आणि हवं असेल तर पोट न मारता ते जन्माला घालता आलं पाहिजे. एकाच हक्काच्या या दोन बाजू आहेत. १९३८ च्या सभागृहाला हे पटलं नाही. पुढं देशाला पटलं तेही अर्धंच.

स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये कुटुंबनियोजन सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारलं. १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा आला, अमेरिकेच्या गाजलेल्या निकालाच्या दोन वर्षं आधी. पण आणीबाणीत त्याच कार्यक्रमानं दात दाखवले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. आणि १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीनं नसबंदी करायचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं देशातलं पहिलं राज्य कोणतं? आपलंच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. आणीबाणीतल्या शस्त्रक्रिया बहुतेक पुरुषांच्या होत्या. पुरुष चिडले, १९७७ मध्ये सरकार गेलं. त्यानंतर कुठल्याही सरकारनं पुरुषाला हात लावायची हिंमत केली नाही आणि शस्त्रक्रियेचं टेबल जवळजवळ पूर्ण बायकांच्या वाट्याला आलं. पुरुषांची चीड सरकार पाडू शकते. बाईची चीड मतपेटीपर्यंत पोचेल याची व्यवस्था नसेल, तर तिची भीती कुणाला वाटणार?

आता बीडकडं परत येऊ. १९८५ पासून मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी गर्भलिंगपरीक्षणाविरुद्ध मोहीम चालवली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या फक्त ८०७, राज्यातला सर्वांत खालचा आकडा. म्हणजे बघा, त्याच जिल्ह्यात पोटात मुलगी असेल तर ती नको आणि मुलगे झाल्यावर पिशवीच नको. दोन्ही ठिकाणी सोनोग्राफीचं यंत्र तेच, दवाखाना खाजगीच, आणि बाईला विचारल्याचा पुरावा म्हणजे एक अंगठा.

इथं मला साता समुद्रापलीकडच्या एका बाईची आठवण काढायची आहे, कारण हे कोडं तिच्याइतकं स्वच्छ कुणी उलगडलं नाही. डॉ. हेलन रॉड्रिगेज-ट्रियास. पोर्टो रिकन घराण्यातली, जन्म न्यूयॉर्कचा १९२९ चा, बालपण बेटावर.

पोर्टो रिको हे कॅरिबियनमधलं स्पॅनिश बोलणारं बेट. १८९८ मध्ये अमेरिकेनं ते स्पेनकडून घेतलं, आणि तिथं अमेरिकन कंपन्यांनी काय पिकवलं? ऊस! १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं, म्हणजे बेटावरून न्यूयॉर्कला जाणारा पोर्टो रिकन माणूस कायद्यानं परदेशी नाही. पण घर भाड्यानं घेताना, दवाखान्यात रांगेत उभं राहताना तो परकाच. आपल्याकडं बीडची बाई जुन्नरला येते तेव्हाही नेमकं हेच होतं. सीमा ओलांडलेली नाही, तरी उपरी.

त्या बेटावर 'माणसं जास्त, काम कमी' असं म्हणत बायकांच्या नसबंदीचा सपाटा चालला. बायका तिला नुसतं 'ऑपरेशन' म्हणायच्या. १९६५ च्या पाहणीत तिथल्या सुमारे एक तृतीयांश आयांची नसबंदी झालेली आढळली. गर्भनिरोधक गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचण्याही १९५६ पासून त्याच बेटावरच्या गरीब वस्तीत झाल्या. तिकडं लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाच्या बायकांची बाळंतपणाच्या कळा चालू असताना इंग्रजी कागदांवर सही घेतली जायची. त्यांच्यातल्या दहा जणी कोर्टात गेल्या. १९७८ मध्ये न्यायाधीशानं निकाल त्यांच्या विरोधात दिला. सही होती ना!

डॉ. हेलन १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नसबंदीच्या गैरवापराविरुद्ध उभ्या राहिल्या. मागणी दोनच गोष्टींची होती. संमतीचा कागद बाईच्या भाषेत हवा, आणि सही व शस्त्रक्रिया यात तीस दिवसांचं अंतर हवं. याला विरोध कुणी करावा? शहरी, सुशिक्षित, गोऱ्या स्त्रीवादी संघटनांनी! त्यांचा अनुभव उलटा होता. त्यांना डॉक्टर नसबंदी करून द्यायलाच तयार नसत, त्यामुळं तीस दिवस म्हणजे त्यांना आणखी एक अडसर वाटला. डॉ. हेलन यांचं म्हणणं असं, की एकीला ऑपरेशन मिळत नाही आणि दुसरीच्या गळ्यात ते मारलं जातं. दोघींचा झगडा एकाच गोष्टीशी आहे, पण नियम करताना जिची बाजू पडकी आहे तिच्याकडून विचार सुरू करा. ते नियम १९७८ मध्ये देशभरासाठी मंजूर झाले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संघटनेच्या त्या पहिल्या लॅटिना अध्यक्ष झाल्या.

हे वाचल्यावर आपल्याकडच्या चर्चेतली एक गडबड मला स्पष्ट दिसायला लागली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत बसवलं. आमच्या ग्रुपवर अभिमानाचे मेसेज फिरले, बघा आपण किती पुढं! कायद्यात आपण खरंच पुढं आहोत, ते नाकारण्यात अर्थ नाही. मला स्वतःला तो निकाल फार मोलाचा वाटतो. पण तो हक्क वापरायला सुट्टी लागते, जवळ दवाखाना लागतो, स्वतःच्या हातात पैसे लागतात. मला हे तिन्ही आहे. प्रसूतीच्या रजेचंही तसंच. २०१७ च्या दुरुस्तीनं आम्हाला २६ आठवडे मिळाले. उसाच्या फडातल्या बाईला? ती कारखान्याची कामगार नाही, कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. १९२९ च्या कायद्यानं गिरणीतल्या बाईला जे दिलं, ते जवळजवळ शंभर वर्षांनीही फडापर्यंत पोचलेलं नाही.

आणि स्थलांतराचा कायदा? १९७९ मध्ये देशात स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, पण नावातच 'आंतरराज्य' होतं. राज्याची हद्द ओलांडली तरच तुम्ही स्थलांतरित. माजलगावहून ओतूरपर्यंतचा सगळा प्रवास महाराष्ट्रातला, म्हणून तो कायदा तिला लागूच नव्हता. पुढं हा कायदा २०२० च्या कामगार संहितेत विरघळला, पण 'आंतरराज्य' ही अट तिथंही कायम. प्रोग्रॅमरच्या भाषेत, अट अशी लिहिलीय की सगळ्यात मोठी केसच तिच्यातून निसटते.

आमच्या तालुक्यात बिबट्यांचा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे. उसातच जन्मतात, उसातच वाढतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, पकडलेल्या बिबट्याला चिप बसवून त्याची नोंद ठेवतात. चांगलंच आहे ते. पण त्याच उसाच्या कडेला कोपीत लेकरं घेऊन झोपणाऱ्या बाईची नोंद कुठं असते? रेशनकार्ड गावाकडं, मतदारयादी गावाकडं, बाळाच्या लसीचं कार्ड गावाकडं. विधानसभेचं गेलं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, ऐन हंगामाच्या तोंडावर. जिथं ती राबते तिथं तिचं मत नाही, आणि जिथं मत आहे तिथं त्या दिवसांत ती नाही. तिच्या प्रश्नावर निवडणूक लढली जात नाही याचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

२०१९ नंतर काहीच झालं नाही असं मात्र नाही. बीडमध्ये खाजगी डॉक्टरला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनाकारण गर्भाशय काढण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सगळ्या राज्यांना सांगितलं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ निघालं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना गावोगाव बायकांशी बोलून माहिती गोळा करताहेत. हे सगळं जमेच्या बाजूला.

पण परवानगीच्या नियमाकडं जरा नीट बघा. आधी निर्णय खाड्याचा दंड आणि खाजगी डॉक्टर मिळून घेत होते. आता त्यावर सरकारी डॉक्टरची सही लागते. ऑपरेशनं कमी होतील, नक्कीच. पण बाई अजून अर्जदारच आहे. पिशवी काढायला परवानगी लागते, दंड लावायला लागत नाही. तिला खरा निर्णय घेता यावा असं वाटत असेल तर बदल टेबलावर नाही, फडात करायला हवा. पाळीत आणि आजारपणात खाड्याचा दंड नको. कोपीजवळ संडास आणि पाणी हवं. कोयत्याची नोंद दोन माणसांची, दोन नावांनी हवी आणि तिच्या अर्ध्या कामाचे पैसे तिच्या खात्यात हवेत. आधी साधे उपचार, मग दुसऱ्या डॉक्टरचं मत, आणि सगळं तिला कळेल अशा मराठीत. यातलं अवकाशयान कुठलंच नाही. एका कारखान्याच्या संचालक मंडळानं आणि चार ग्रामपंचायतींनी ठरवलं तर एका हंगामात उभं राहील इतपतच आहे.

कुणी म्हणेल, बीडचा प्रश्न बीडनं सोडवावा, ओतूरचा काय संबंध? पिशवी बीडच्या दवाखान्यात निघते हे खरं. पण तिला रोग लागतो तो आमच्यासारख्या बागायती गावांच्या शिवारांत. ज्या सहा महिन्यांत तिचं शरीर झिजतं ते सहा महिने ती आपल्या हद्दीत असते, आपल्याच ग्रामपंचायतीच्या आणि आपल्याच आशाताईंच्या अंतरावर. अमेरिकेनं आपल्या लेकीसुनांच्या पोटातल्या बाळाला नागरिक मानावं असं आपल्याला वाटतं, आणि ते रास्तच आहे. मग आपल्या शिवारात बाळंत होणाऱ्या बाईला आपण काय मानतो, हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाणार.

परवा गावी फोन झाला तेव्हा एका ओळखीच्या आशाताईंना विचारलं, टोळीतल्या बायकांची नावं तुमच्या वहीत येतात का? त्या म्हणाल्या, "ताई, त्या आपल्या यादीतल्या नाहीत ना. पण पोटुशी दिसली की मी जातेच." यादी त्यांना परवानगी देत नाही, तरी त्या जातात. यादी बदलायचं काम त्यांचं नाही. ते ग्रामसभेत बसणाऱ्यांचं आहे, आणि त्या ग्रामसभेत सुट्टीला घरी गेलेली मीसुद्धा बसू शकते. येत्या हंगामाआधीच्या ग्रामसभेला हा विषय लेखी द्यायचा असं ठरवलंय. ओतूर-आळेफाटा-नारायणगावकडची वाचक मंडळी असतील तर त्यांनीही आपापल्या गावात द्यावा. मसुदा हवा असेल तर सांगा, करून ठेवलाय, एका पानाचाच आहे.

असो. चहा निवला असेल.